पहिले त्याईचं बसणं

मुनीर डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसायचे नाहीत. घरातली बाई खुर्ची आणायची, पदरानं पुसायची, पंख्याखाली ठेवायची आणि हे दारातच उभे. "पहिले त्याईचं बसणं दाखवा, मंग माह्यं," असं म्हणून ते सरळ गोठ्याकडं चालू लागायचे. 'त्याईचं' म्हणजे जनावरांचं. गोठ्यात गेल्यावर आधी जनावराला हात लावायचा नाही. जनावर जिथं बसतं तिथं तळहात टेकवायचा, मग तो नाकाशी न्यायचा. जमीन ओली आहे का, उतार कुठं आहे, वारा कुठून येतो, एवढं झालं की मग थर्मामीटर.

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात आमचा जनावरांचा दवाखाना होता. मुनीर डॉक्टर तिथले पशुवैद्यकीय अधिकारी आणि मी पशुधन पर्यवेक्षक. लशीची पेटी, बर्फ, दुसऱ्या दिवशीच्या गावांचा क्रम, हे सगळं माझ्याकडं. मला कामं ओळीनं झालेली आवडतात. जवळचं गाव आधी, लांबचं नंतर, बर्फ वितळायच्या आत लस संपली पाहिजे. डॉक्टर हा क्रम रोज मोडायचे, आणि तो बहुतेक वेळा या 'बसण्या'पायी मोडायचा.

चांदूर बाजारच्या एका अडत्याची म्हैस दूध चोरत होती. सकाळी भरपूर द्यायची, संध्याकाळी आखडून उभी राहायची. सलाइन झालं, कॅल्शियम झालं, कुणीतरी अंगाराही लावून गेलं होतं. मुनीर डॉक्टरांनी म्हैस बाहेर बांधायला लावली आणि पांढऱ्या शर्टानिशी ते तिच्या जागेवर जाऊन बसले. भिंतीला पाठ लावून. "शेठ, आजचा पेपर द्या बरं."

अडत्या कासावीस झाला. "साहेब, आत पंख्याखाली बसा न. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले बसू द्या पंख्याखाली."

त्यांनी पेपर वाचायला घेतला. या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले, पाय लांब केले, आखडले. मग उठून म्हणाले, "शेठ, फरशी उलटी उतरती हाय. बसलं का धड खाली घसरते अन् पाय वर जाते. मले धड पेपर वाचता नाई आला. हे बिचारी रातभर कशी बसत अशीन?"

फरशी उखडून पुन्हा घातली. म्हैस दुधावर आली. अडत्या पेढे घेऊन दवाखान्यात आला आणि म्हणाला, "साहेब, तुमाले डॉक्टर म्हनू का गवंडी?" डॉक्टर म्हणाले, "मुनीर म्हना. दोन्ही आलं त्याच्यात."

ते मूळचे परतवाड्याचे. बसस्टँडच्या मागं त्यांच्या वडिलांचं बैलगाडीची चाकं करायचं दुकान होतं. चाकाचा आरा मधल्या तुंब्यात बरोबर बसला की वडील 'जमली सोयरीक' म्हणायचे. हे शब्द मुलानं उचलले आणि वेगळ्याच कामाला लावले. एका गावात कुणाकडं कडबा पडून असायचा आणि जनावर नसायचं, दुसऱ्या गावात गाय असायची आणि दावणीला कडबा नसायचा. मुनीर डॉक्टर या दोघांची गाठ घालून द्यायचे. लस टोचता टोचता मला विचारायचे, "कुंदाताई, कोनाच्या आवारात गवत माजलं हाय?" मला असल्या गोष्टी लक्षात असतात. मी सांगायची. दोन दिवसांत ते गवत कुणाच्या तरी शेळीच्या पोटात गेलेलं असायचं. मग डॉक्टर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "जमली सोयरीक!" या जुळवाजुळवीचा त्यांना इलाजापेक्षा जास्त अभिमान होता. इलाज पुस्तकातला असतो, म्हणायचे, जोड आपली असते.

आणखी एक. माणसांशी ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलायचे, तेही चांगलं ठणठणीत. जनावरांशी मात्र उर्दूत, आणि तेही 'आप' म्हणून. "आइए बेगम, ज़रा मुँह खोलिए. तकलीफ़ माफ़." एकदा एक म्हातारी वैतागली. "डॉक्टर, माह्या बकरीले तुमचं मुसलमानी बोलनं समजत नाई. मराठीत बोला."

"मावशी, तुम्ही तिले मराठीत काय म्हंता?"

"काय म्हनीन? मेली, खादाड, सटवी..."

"तेच तं. मराठीत तिले फक्त शिव्याच समजते. तारीफ कोन्या भाषेत करू मंग?"

म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसली. पुढच्या वेळी आली तेव्हा बकरीला म्हणत होती, "चल वं बेगम."

ती वर्षं आमच्याकडं वाईट होती, हे कुणाला सांगायला नको. कापसाचं बिनसलं होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, संत्र्याची झाडं पिवळी पडत होती. 'औषध' हा शब्द तर असा झाला होता, की घरात कुणी मोठ्यानं उच्चारला तर बाया हातातलं काम टाकून दाराकडं बघायच्या. फवारणीच्या औषधाचे डबे घरोघर होते आणि ते कशाकरता उघडले जातात हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी तो शब्दच सोडला होता. ते 'दवा' म्हणायचे. गाड्या भरून अधिकारी यायचे आणि सातबारा असलेल्यांच्या दारात बसायचे. ज्याचं सगळं चार पायांवर चालत असे, त्याच्या दारात कुणी येत नव्हतं. त्याला दारच नव्हतं.

सोमाजी असाच. धनगर, बिनजमिनीचा, मेंढ्यांचा कळप आणि बायको एवढाच त्याचा संसार. पावसाळा संपला की कापणी झालेल्या शेतांतून कळप फिरवायचा आणि लोकांच्या वावरात मेंढ्या बसवायचा. मेंढ्या रात्री जाळीच्या आत बसल्या की लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं. त्या बदल्यात शेतवाला ज्वारी देतो आणि चारा देतो. ही आमच्याकडची जुनी रीत. सोमाजीची एक खोड होती. कोकरू जिथं जन्मलं त्या गावाचं नाव तो त्याला ठेवायचा. त्याच्या कळपात अचलपुरी होती, शिरजगावची होती. कळपाच्या पुढं चालणारी मोठी मेंढी चांदूर रेल्वेच्या स्टेशनामागं जन्मली होती, म्हणून तिचं नाव रेल्वे. "रेल्वे सुटली का मागचे डबे आपोआप येते," सोमाजी सांगायचा. डॉक्टर तिला 'रेल्वे बेगम' म्हणायचे. सोमाजी सरकारी दवाखान्याची पायरी चढला तो डॉक्टरांमुळंच. त्याआधी तो मेंढीच्या आजारावर तापल्या सळईचा डाग द्यायचा. डॉक्टरांनी त्याला डाग सोडायला लावला, लस घ्यायला लावली. दर मोसमाला लस टोचताना तो एकेक मेंढी धरून त्यांच्यापुढं आणायचा आणि तिचा गावासकट परिचय करून द्यायचा, लग्नघरात पाहुणे ओळखीचे करतात तसा.

त्या वर्षी पाऊस आला तो अर्धवट आला. सोमाजी ज्या बरडावर, म्हणजे गावाबाहेरच्या खडकाळ टेकाडावर, मेंढ्या ठेवायचा तिथलं गवत दसऱ्याआधीच वाळलं. मेंढ्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. त्याच सुमाराला बाबाराव बैल दाखवायला दवाखान्यात आले. बाबारावांची पाटाखाली संत्र्याची बाग होती. झाडं पिवळी पडली होती आणि गाडीभर शेणखत कुठं मिळत नव्हतं. मुनीर डॉक्टरांनी बैलाचा खूर सोडला, मान वर केली, आणि माझ्याकडं बघून हसले. मला समजलं. सोयरीक.

आम्ही बाग बघायला गेलो ते दुपारी. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणं आधी बसण्याची जागा बघितली. झाडांखाली गार सावली. पाटाचं पाणी झिरपत होतं, त्यामुळं बांधाला हिरवं, मऊ गवत. डॉक्टरांनी तळहात जमिनीला टेकवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "गादी हाय ही तं," ते म्हणाले. बागेच्या एका कोपऱ्यात बाबारावांची गाय आणि बैलजोडी बांधलेली होती. त्यांच्या मागं उकिरडा. पाटाचा झिरपा तिथपर्यंत पोचला होता आणि उकिरड्याची कड कायम ओली असायची. डॉक्टरांनी बैलांची तारीफ केली, अर्थात उर्दूत.

बाबारावांना एकच भीती. "पाला तं नाई खानार मेंढ्या?"

सोमाजीला दुसरी. "फवारा तं नाई मारनार तुमी?"

"मेंढ्या हाय तवरक डब्याले हात नाई लावत. पोराईची आन."

डॉक्टर मध्ये उभे. "पोरगी पाहाले आल्यासारखे लाजू नोका राजेहो. त्याईले खत पाहिजे, तुले चारा पाहिजे. काय म्हंतो सोमाजी?"

सोमाजी टोपी मागं सरकवून म्हणाला, "तुमी पाह्यली न जागा? मंग मले काय पाहाचं हाय."

थाप बसली मांडीवर. त्याच दिवशी दिवेलागणीला रेल्वे सगळा कळप घेऊन बरडावरून खाली बागेत उतरली.

सुरुवातीला सगळं गोड होतं. मेंढ्यांची पोटं भरली. बाबारावांच्या घरून सोमाजीच्या बायकोला ताक यायला लागलं. डॉक्टर येता-जाता बागेशी गाडी थांबवायचे आणि नुसते बघून पुढं जायचे, मुलीचं सासर बघून यावं तसे.

मग एका सकाळी सोमाजी रेल्वेला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. चालणारी मेंढी धनगर कधी खांद्यावर घेत नाही. तिचे ओठ सुजून लोंबत होते, नाक भरलेलं, तोंडातून लाळेची तार. अंग तापानं कढत. खुरांच्या वरची कड लाल झाली होती, त्यामुळं पाय टेकवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आइए बेगम, मुँह खोलिए." तोंड उघडलं. जीभ जांभळी-निळी पडून तोंडात मावत नव्हती. डॉक्टर पुढचं काही बोलले नाहीत. कुठल्याच भाषेत.

त्यांना आधी खुरकूत वाटली. मग ती नाही हे कळलं. तोवर बागेत आणखी मेंढ्या खाली बसल्या होत्या. आम्ही रोज जायचो. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यानं तोंडं धुवायची, फोडांना ग्लिसरीन लावायचं, तापाची सुई द्यायची. सोमाजीची बायको ज्वारीची पातळ आंबील हातानं एकेकीच्या घशात सोडायची. धरायला जावं तर लोकर मुठीत यायची. मेंढ्या हलवायच्या का, असं सोमाजीनं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नको. वर ऊन आहे, वाळलेलं गवत आहे, सोललेल्या तोंडांना ते टोचेल. इथं सावली आहे, मऊ चारा आहे. मलाही ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

रेल्वे गेली. तिच्या मागचे डबे गेले. अर्ध्याहून जास्त कळप त्या बागेत गेला, आणि ज्या वाचल्या त्यांच्या माना वाकड्या होऊन राहिल्या होत्या.

सोमाजीनं डोकं बडवलं नाही. तो विहिरीपाशी गेला आणि तिथला फवारणीचा पंप उचलून बाबारावांच्या ओट्यावर आणून आपटला. "यानं गवतावर औषध मारलं!" त्या शब्दानं गाव गोळा झालं. बाबारावांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवले, बायको रडायला लागली, पण त्या वर्षांत आमच्याकडं मरणाचं कारण विचारलं की पहिलं नाव औषधाचंच यायचं, आणि माणसाचं तेच जनावराचं. आजूबाजूच्या वाड्यांवरचे धनगर जमले. बाबारावांचे भाऊबंद जमले. पोलीस ठाण्यात जायचं ठरलं. बाबारावांना बागेत जायची चोरी झाली.

मी रक्ताचे नमुने बर्फात घालून एसटीनं अकोल्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथून निकाल आला: निळ्या जिभेचा रोग. विषाचा काही संबंध नाही. मेंढीपासून मेंढीला लागत नाही. चिलटं चावून पसरतो.

निकालाचा कागद डॉक्टरांनी वाचला, घडी केली आणि म्हणाले, "चाला, बागेत जाऊ." दिवस मावळायला आला होता. माझ्या क्रमात ते नव्हतं, पण मी गेले. इतक्या दिवसांत आम्ही बागेत सकाळी गेलो होतो, दुपारी गेलो होतो. संध्याकाळी कधी गेलोच नव्हतो. दवाखाना तोवर बंद व्हायचा.

उकिरड्याच्या ओल्या कडेशी डॉक्टर उकिडवे बसले. उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढं धरला, सुई टोचून घ्यायला धरतात तसा. झाडांखाली वारा अजिबात नव्हता. सूर्य खाली गेला आणि त्या चिखलावरून काहीतरी उठलं. धूळ असावी असं मला वाटलं. मग ती धूळ डॉक्टरांच्या हातावर बसली. भरडलेल्या मिऱ्याच्या कणाएवढी चिलटं. डासासारखा आवाज नाही, काही नाही. चावतात तेव्हा ठिणगी पडल्यासारखं होतं. मी माझ्या मानेवर थापा मारत होते. डॉक्टर हात हलवत नव्हते. जवळच बाबारावांचे बैल शेपटी झाडत रवंथ करत होते, तुकतुकीत. हा रोग बैलाच्या रक्तात बसतो आणि बैलाला बहुधा काही होत नाही. चिलट बैलाला चावतं आणि मग मेंढीला. चिलटाला ओलं शेण लागतं, आडोसा लागतो, पडलेला वारा लागतो. बरडावर यातलं काहीच नव्हतं. तिथं भणाण वारा असतो, चिलट उडून जातं. तिथं मेंढ्या वाळल्या असत्या, पण बहुतेक जगल्या असत्या.

"कुंदाताई," डॉक्टर म्हणाले, "म्या दुपारी पाह्यलं."

मग उठून ते गाडीकडं चालू लागले.

परत येताना मी त्यांना स्पष्ट सांगितलं. साहेब, निकाल दाखवा, विष नाही म्हणून सांगा, बाबाराव सुटतील. बाकीचं सांगायची गरज नाही. कागदावर रोगाचं नाव आहे, जागेचं नाही.

"सोमाजी विचारीन, रोग आला कुठून."

"हवेतून आला म्हणा. खोटं नाही ते."

ते गाडी चालवत होते. उजव्या हातावर लाल पुरळ उठलं होतं. "हवेतून आला," त्यांनी एकदा म्हणून बघितलं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. गेलेल्या मेंढ्या काही परत येणार नव्हत्या. सोमाजीला उरलेल्या जगवायच्या होत्या आणि त्याला डॉक्टर लागणार होता. हिशेब सरळ होता. पण डॉक्टरांना तो जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोमाजीकडं गेले. तो गावाबाहेर बाभळीखाली उरलेल्या मेंढ्या घेऊन बसला होता. मी गाडीपाशी उभी राहिले. सगळं ऐकू येत होतं.

सोमाजी तंबाखू मळत ऐकत राहिला. मग हसला. "चिलटानं? साहेब, लांडगा मारते, बिबट मारते. चिलट काहून मारीन? चिलटाचं वजन तरी किती?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. ओलं शेण, बैल, दिवस मावळताना निघणारी चिलटं, बरडावरचा वारा. बाबारावांनी डब्याला हात लावला नाही, हेही सांगितलं. सोमाजीचा अंगठा तळहातावर फिरायचा थांबला.

"म्हंजे वरतं असत्या तं वाचल्या असत्या?"

"हाव. बहुतेक वाचल्या असत्या."

"अन् आजारी पडल्यावर म्या म्हनलं, हलवू का..."

"म्या नाई म्हनलं."

"मंग तिथं त्याईले कोनं बसवलं, साहेब?"

"म्या बसवलं."

सोमाजीनं मेंढ्यांकडं बघितलं. एका वाकड्या मानेच्या मेंढीला उठता येत नव्हतं, त्याच्या बायकोनं तिला पोटाखाली हात घालून उभं केलं. मग सोमाजी बोलला. ओरडला नाही, अगदी समजावल्यासारखा बोलला.

"मले बाबारावावर राग ठेवू द्याचा होता साहेब. त्याचं माह्यं काय नातं? अजून चार वर्सं राग ठेवला असता, मंग थंडा झालो असतो. तुमी काहून सांगतलं? आता मी कोनापाशी जाऊ मेंढ्या घेऊन?"

डॉक्टर उभेच होते. खाली बसायला कुणी सांगितलं नाही, आणि ते आपणहून बसणारे नव्हते.

बाबारावांवरचं बालंट गेलं. ते दवाखान्यात आले, डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले. "तुमी मले वाचवलं साहेब." डॉक्टर दोन पावलं मागं सरकले आणि आत औषधाच्या खोलीत गेले. बाबारावांनी आणलेली संत्र्याची टोपली टेबलावर तशीच राहिली. मी ती गावातल्या शाळेत पाठवून दिली.

सोमाजी उरलेला कळप घेऊन बरडावर गेला आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नाही. त्यानं शिव्या दिल्या नाहीत, तक्रार केली नाही. लशीच्या वेळी मी एकटी गेले तर मेंढ्या धरून द्यायचा. पण नावं सांगायचा नाही.

डॉक्टरांनी सोयरिकी बंद केल्या. कुणी कडब्याची चौकशी केली तर म्हणायचे, "कुंदाताईले विचारा, मले नाई समजत." मांडीवरची थाप गेली. जनावरांशी मात्र उर्दूतच बोलत राहिले, आणखी हळू. आणि एक नवीन सुरू झालं. दवाखाना बंद झाला की ते मोटरसायकल काढायचे आणि तालुक्यात कुठं मेंढ्या-शेळ्या बसल्या असतील तिथं जायचे. पाणथळीच्या कडेला उकिडवे बसायचे, बाही वर करायचे, हात पुढं धरायचे आणि दिवस मावळायची वाट बघायचे. हातावर काही बसलं की उठून सांगायचे, "उचला. वर न्या. बैलाईपासून दूर." लोक ऐकायचे. धनगर कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करायला लागले. ज्या साली पलीकडच्या तालुक्यांत निळ्या जिभेची साथ आली, त्या साली आमच्याकडं फारच थोडी जनावरं गेली.

मी त्यांना हे सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. म्हटलं, साहेब, किती कळप वाचले ते बघा. शिवाय दुपारी जागा बघितली यात चूक काय, नोकरीची वेळच ती होती.

"चिलटाले हापिस टाइम कोन सांगीन, ताई?" ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "वाचले ते त्याईचे वाचले. सोमाजीच्या त्याच्यात मिळवता येते का?"

मी दुसऱ्या दिवशीच्या गावांची यादी लिहायला घेतली.

ते निवृत्त होऊन परतवाड्याला गेले. माझी बदली अकोल्याला झाली. ईदला फोन व्हायचा, त्यात माझ्या कामाची चौकशी असायची. सोमाजीचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही.

शेवटचं बघितलं ते असं. मी परतवाड्याहून चांदूर बाजारकडं काळीपिवळी जीपनं येत होते. दिवाळी होऊन गेली होती. बरडाच्या पायथ्याशी जीपचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हर पाणी घालायला उतरला. दिवस कलला होता. वर टेकाडावर मेंढ्यांची जाळी लावलेली दिसली. कळप पुन्हा बऱ्यापैकी भरला होता. जाळीच्या बाहेर, थोड्या अंतरावर, एका दगडावर मुनीर डॉक्टर बसले होते. केस सगळे पांढरे. बाही कोपराच्या वर, उघडा हात गुडघ्यावर पालथा ठेवलेला. शेजारी जुनी मोटरसायकल.

मी हाक मारणार होते. ड्रायव्हर बॉनेट लावत म्हणाला, "ते डॉक्टर हायेत. या दिसाईत रोज येते. धनगर बोलत नाई त्याईच्यासंगं, पन हाकलत बी नाई."

बरडावर नेहमी वारा असतो. त्या संध्याकाळी तो पडला होता. पानही हलत नव्हतं. सोमाजी चुलीपासून उठला. फुटक्या खापरात जळती गोवरी, वर कडुलिंबाचा ओला पाला, असा धूर घेऊन तो जाळीच्या एका अंगाला आला. खापर ठेवलं, वाकून बघितलं, धूर मेंढ्यांवर जातो ना ते बघून थोडं सरकवलं. परत गेला, दुसरं खापर आणलं, दुसऱ्या अंगाला ठेवलं. म्हातारा झाला होता, प्रत्येक खेपेला गुडघ्यावर हात ठेवून उठत होता.

मग तो आणखी एक खापर घेऊन जाळीच्या बाहेर आला. डॉक्टरांच्या दगडापाशी थांबला. खापर खाली ठेवलं, टोपी काढून तिनं दोनदा वारा घातला, धूर डॉक्टरांकडं वळला. मेंढ्यांपाशी केलं तसंच वाकून बघितलं आणि खापर थोडं जवळ सरकवलं. मग उठून आपल्या चुलीकडं गेला.

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. मी मागच्या काचेतून बघत होते. डॉक्टर खोकत होते. बाही त्यांनी खाली केली नव्हती. धूर त्यांच्या उघड्या हातावरून जात होता, आणि तो हात त्यांनी बाजूला घेतला नाही.